चना निघाला, आता काय वाचू?

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, उन्हाळ्यात वाचायला कादंबऱ्या पाहिजे असतील तर विचारा म्हणून, तर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, काहींनी व्हॉइस नोट पाठवल्या ज्यात मागच्या कूलरचाच आवाज जास्त ऐकू येते. सगळे प्रश्न घेता येत नाहीत, सारखे होते ते एकात घातले. बऱ्याच जणांनी नाव नका छापू म्हटलं म्हणून कोणाचंच छापलं नाही, तालुका तेवढा ठेवला. सगळ्यांना "नवीन काहीतरी" पाहिजे, म्हणून शक्यतो गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या कादंबऱ्या सांगतेय, मधात एखादी जुनी घुसली तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, सोयाबीनचे पैसे आले अन् गेले, तूर विकली, चना निघाला. आता मृगापर्यंत सकाळची वखरणी सोडली तर दुपारी काही काम नाही, अन् बाहेर निघणं होत नाही. लायब्रीत गेलो की मले दरवेळी शेतकऱ्याच्या आत्महत्येचंच पुस्तक हातात देतात, म्हणतात तुमच्यासाठी चांगलं आहे. बाप्पा, आम्ही तेच पाहून राहिलो ना रोज, तेच काहून वाचू? हासू येईन असं सांगा. पण चावट जोकवालं नको. (शेतकरी, मेहकर तालुका)

उत्तर : भाऊ, तक्रार एकदम बरोबर आहे आणि ती तुमच्या एकट्या लायब्रीची नाही. शेतकरी दिसला की त्याच्या हातात शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी ठेवायची ही सवयच लागलीय सगळ्यांना, म्हणजे नर्सबाईला सुट्टीच्या दिवशी पुन्हा वॉर्डात फिरवून आणल्यासारखं. सदानंद देशमुखांची 'बारोमास' मोठी कादंबरी आहे यात वादच नाही, लेखक तुमच्याच बुलडाणा जिल्ह्याचे, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, शिकूनसवरून शेतीत अडकलेला तिच्यातला एकनाथ डोक्यातून जात नाही. पण ती तुम्हीच वाचली पाहिजे असं काही नाही, निदान या उन्हाळ्यात तरी नाही. ती तुमच्या त्या पुण्यातल्या नातेवाईकाला द्या जो लग्नात भेटला की विचारते, "यंदा भाव बरा होता ना, मग काय प्रॉब्लेम आहे?" (असा एक प्रत्येक घरात असतेच.) आनंद विंगकरांची 'अवकाळी पावसाच्या दरम्यानची गोष्ट' पण त्यालाच द्या, छोटी आहे, एका बसमध्ये संपते, आणि मग पुढच्या लग्नात तो विचारणार नाही.

तुमच्यासाठी रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा'. २००५ ची. हे पण बुलडाण्याचेच. प्रौढांना साक्षर करायचं ते सरकारी अभियान आठवत असेल तुम्हाला, पाट्या आल्या, पुस्तिका आल्या, गावोगाव भिंती रंगवल्या. तर त्या अभियानावर अख्खी कादंबरी आहे. वरून आदेश येते, मास्तर लोक याद्या करण्यात गुंततात, ज्यांना शिकवायचं ते भलतीकडेच, आणि कागदावर मात्र सगळे साक्षर होत चाललेत. यात कोणी जोक मारत नाही, म्हणूनच हसू येते, सगळे लोक आपापलं काम अगदी गंभीरपणे करून राहिलेत. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत एका साहेबाच्या पानावर मार्जिनमध्ये कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "हा आपलाच साहेब", आणि खाली दुसऱ्या अक्षरात, "नाही, हा मागचा". पुस्तकात लिहू नये हे खरं, पण ते खोडायची माझी काही हिंमत झाली नाही. २००९ मध्ये यावर सिनेमा पण आला, अशोक सराफ आणि मकरंद अनासपुरे होते त्यात, तो पाहिला असेल तरी पुस्तक घ्या. ही आवडली तर यांचीच 'सर्व प्रश्न अनिवार्य' घ्या, ती परीक्षेतल्या कॉप्यांवर आहे, आणि घरात दहावी-बारावीचा पोरगा असेल तर लपवून वाचा.

तिसरी जुनी आहे, ऐंशीच्या दशकातली, पण तुमच्याजवळ तिचं नाव नाही घेतलं तर पाप लागेल. पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया'. खामगावकडचे लेखक, आणि पंजाबराव नावाचा माणूस अख्खी कादंबरी वऱ्हाडीत बोलते, मधात मधात इंग्रजी फेकते. ही मनातल्या मनात वाचायची नाही, मोठ्यानं वाचायची. दुपारी दोन-चार जण झाडाखाली बसले असतील तर त्यांच्यात बसून वाचा, एखादा तरी म्हणेनच की हा आपल्या अमक्यासारखा बोलते.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या आम्ही दहा-बाराजणी उन्हाळाभर कुरडया, पापड, सरगुंडे करतो, सगळ्या एकाच्या घरी जमतो. रील पाहण्यापेक्षा एकीनं वाचायचं अन् बाकीच्यांनी ऐकायचं ठरवलं आहे. दोघीतिघींना वाचता येत नाही. सासू-सुनेचं रडगाणं नको, ते टीव्हीवर आहेच. आमची एक मेंबर ग्रामपंचायतीत पण आहे. (दर्यापूर तालुका)

उत्तर : ग्रामपंचायतीत आहे म्हणता, मग प्रश्नच मिटला, कविता महाजनांची 'ब्र' घ्या. २००५ ला आली. एका संस्थेत काम करणारी बाई आदिवासी भागात फिरते आणि निवडून आलेल्या बायका, सरपंच, मेंबर, यांना भेटत जाते, त्यांच्या तोंडून एकेक गोष्ट निघत जाते. बाई निवडून येते आणि कारभार नवरा पाहते, नाही तर दीर, नाही तर ग्रामसेवक. आता तर आपल्या राज्यात पंचायतीत बायकांना ५० टक्के जागा आहेत, तरी पण सही कोणाची आणि डोकं कोणाचं हे तुमच्या मेंबरताईला विचारा, त्या कादंबरीपेक्षा जास्त सांगतील. मला तर वाटते तुमची वाचनाची पानं कमी होतील आणि बोलणंच जास्त होईल, होऊ द्या, पुस्तक कुठं पळून जात नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, या कादंबरीत काही प्रसंग कडक आहेत, अंगावर येतात, म्हणून जी वाचणार आहे तिनं आदल्या रात्री पुढची पंधरा-वीस पानं चाळून ठेवायची, बाजूला लहान पोरी बसल्या असतील तर कोणतं पान नंतर घ्यायचं ते तिला माहीत पाहिजे. दुसरी, कामाची वेळ पाहून वाचा. कुरडईचा चीक घोटताना सगळं लक्ष गंजात, म्हणजे पातेल्यात, पाहिजे, गाठ झाली की गेलं, तेव्हा पुस्तक बंद. पापड लाटायला बसलं की हात आपोआप चालते आणि कान मोकळे असतात, तेव्हा उघडायचं. शेवया-सरगुंड्यांचं पण तसंच. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना रोज सुरुवातीला विचारायचं की काल कुठवर आलो होतो. त्याच बरोबर सांगतात, आपण खूण घालून ठेवतो आणि विसरतो.

'ब्र' संपली की देविदास सौदागरांची 'उसवण' घ्या, अगदी छोटी आहे. तुळजापूरचे आहेत ते, स्वतः शिलाईचं काम केलेले, आणि कादंबरी पण एका शिंप्याचीच, रेडिमेड कपडे आले आणि दुकानात गिऱ्हाईक येईना त्याची. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. तुमच्या गटात मशीनवर ब्लाऊज शिवणारी एक तरी असेलच, तिला वाचायला बसवा.

आणि कोणाला एकटीनं, दुपारी दार लोटून, हळूहळू वाचायचं असेल तर नागपूरच्या आशा बगेंची 'भूमी' आहे, २००६ चा अकादमी पुरस्कार. ती गटात नाही चालायची. तिच्यात घडते कमी आणि मनात जास्त चालते, मोठ्यानं वाचलं तर अर्ध्या जणी डुलक्या घेतील.

प्रश्न : तुम्ही सगळे उन्हाळा-उन्हाळा करता, आमच्याकडे मे महिन्यात पूर्ण गाव तेंदूपत्त्याला जाते, पहाटेपासून तोडणी, मग घरी येऊन पुडे बांधणं, मग फळीवर, म्हणजे पत्ता घेतात त्या जागी, नेऊन देणं. फुरसत कशाची. आम्हाला फुरसत भेटते पावसाळ्यात, रोवणी झाली की. पर्लकोटेला पूर आला का रस्ता बंद, लाईन बंद, टॉवर बंद. तेव्हासाठी सांगा. जाड सांगा, लवकर संपली तर मग काय करू? (भामरागड तालुका)

उत्तर : खरं आहे तुमचं, वऱ्हाडातली फुरसत आणि तुमच्याकडची फुरसत एका महिन्यात येत नाही, आणि हे सदर लिहिताना आम्ही लोक नागपूरच्या पलीकडं पाहतच नाही. तर जाड घ्या.

पहिली भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू'. २०१० ची. खंडेराव नावाचा पुरातत्त्वाचा अभ्यास करणारा पोरगा मोहेंजोदडोला उत्खननात आहे, वडील अत्यवस्थ असल्याचं कळते, तो घरी निघते, आणि त्या प्रवासात त्याला अख्खं गाव आठवत जाते, शेत, भाऊबंदकी, बायका, महानुभाव, लमाण, सगळेच. गाव खानदेशातलं आहे पण बोलणं-वागणं आपल्याला परकं वाटत नाही. काही लोक तिला भितात, पन्नास पानं वाचून ठेवून देतात. माझं सांगणं आहे की हिच्यात गोष्टीचा धागा पकडायला जाऊच नका. जिथं कंटाळा आला तिथून चार पानं पुढं जा, काही बिघडत नाही, पुढं पुन्हा एखादी आत्या, एखादी म्हातारी अशी भेटते की तुम्ही आपोआप मागं फिरता. पूर उतरेपर्यंत पुरते.

दुसरी रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत', २०१९ ची, ती तर हिच्यापेक्षाही जाड. एका घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या, शेकडो वर्षांचा मामला. हिची सोय ही की एकेका पुरुषाची गोष्ट वेगळी वेगळी येते, म्हणजे मधात आठ दिवस शेतावर गेले तरी पुन्हा सुरू करता येते.

तिसरी कन्नडमधून आलेली, भैरप्पांची 'पर्व', मराठी केलंय उमा कुलकर्णींनी. महाभारतच आहे, पण चमत्कार काढून टाकलेलं. कोणी देव नाही, वस्त्रं पुरवणारं कोणी येत नाही, म्हातारे झालेले, थकलेले लोक युद्धाच्या तोंडावर बसून आपलं आयुष्य आठवून राहिलेत. सुरुवातच शल्यापासून होते, ज्याचं नाव आपल्याला कीर्तनात पण फारसं ऐकू येत नाही. पावसाच्या झडीत, कंदिलाच्या उजेडात वाचायला मला तरी हिच्यापेक्षा चांगली कोणती आठवत नाही.

आणि एक तुमच्या अंगणातली, विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. हेमलकशाला वर्षानुवर्षं काम केलेला माणूस आहे, माडिया लोकांमधे राहून लिहिलंय. पूर्वीची आहे आणि जाड नाही. तुम्ही वाचली असेल तर मला नक्की लिहून कळवा की तुमच्याकडच्या लोकांना ती कशी वाटते, कारण तिच्याबद्दल मी जे ऐकते ते सगळं शहरातल्या लोकांकडून.

पुस्तकं जूनच्या आधीच आणून ठेवा आणि पन्नीत गुंडाळून वर ठेवा, मातीच्या भिंतीला टेकवून नको. ओल खालूनच चढते.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत दिवसभर असतो. कादंबरी हातात घेतली की चोरी केल्यासारखं वाटते, घरचे पण म्हणतात की हे सिलॅबसमध्ये आहे का. पण डोकं पार सुन्न होऊन जाते हो. (पुसद)

उत्तर : घरच्यांना सांग की साहित्य अकादमीचे पुरस्कार चालू घडामोडीत येतात. खोटं थोडीच आहे! मग पुरस्कारवालीच घे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्या लेखकांना देतात, म्हणजे तुझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या पोरांनी लिहिलेलं असते. २०१८ ला नवनाथ गोरेंच्या 'फेसाटी'ला मिळाला, जत तालुक्यातला पोरगा, गरिबी, मेंढरं, शिक्षण, आणि शिकून पण पुढं काय. याच लेखकावर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजुरी करायची वेळ आली होती, पेपरात आलं होतं. आता मला माहीत आहे की ही वाचून तुझं डोकं हलकं होणार नाही, म्हणून रिझल्टच्या आठवड्यात तरी घेऊ नकोस.

त्यापेक्षा आधी प्रणव सखदेवची 'काळेकरडे स्ट्रोक्स' घे, २०२१ चा युवा पुरस्कार. मुंबईकडच्या कॉलेजातल्या पोरांची आहे, मैत्री, प्रेम, आपलं नेमकं काय चाललंय हे न कळणं. तिथली पोरं आपल्यासारखी नाहीत असं पहिल्या काही पानांत वाटते, लोकल, डोंबिवली, ते सगळं. मग हळूहळू कळते की गोंधळ सारखाच आहे, फक्त त्यांच्या गोंधळाला लोकल ट्रेन आहे आणि आपल्याला नाही.

आणि मिलिंद बोकिलांची 'शाळा' वाचली नसशील तर सगळं बाजूला ठेव आणि तीच घे. आणीबाणीच्या काळातला नववीतला पोरगा, वर्गातली पोरगी, बस. सिनेमा पाहिला म्हणशील, तो छान आहे, पण मुकुंदाच्या डोक्यात जे चालते ते पुस्तकातच आहे. रोज झोपताना वीस मिनिटं. अभ्यासिकेत नेऊ नको, तिथं खरंच चोरी होईल.

प्रश्न : उन्हाळी भुईमुगाला पाणी द्याले रात्रीची लाईन आहे. आठ-दहा तास शेतात बसा लागते, मोटर बंद पडली का पुन्हा चालू करा, पाण्याची नाकं फोडा, नाकं बांधा. मोबाईलची बॅटरी किती पुरते. टॉर्चच्या उजेडात वाचत जाईन म्हणतो. भुताचं सांगा एखादं झकास. (मोर्शी तालुका)

उत्तर : रात्री दोन वाजता, एकटा, विहिरीजवळ, आणि भुताचं पुस्तक? दादा, तुमची हिंमत मानली. हृषीकेश गुप्तेंची 'हाकामारी' आहे, छोटी कादंबरी, दारावर येऊन हाक मारणारीवर, आणि 'घनगर्द' नावाचं कथांचं पुस्तक पण आहे. आत्ताच्या लेखकांत भीती लिहावी तर यांनीच. आधीचे नारायण धारप तर कोणत्याही लायब्रीत अर्धं कपाट भरून असतात. फक्त 'हाकामारी' शेतावर नेऊ नका हो, ती घरी दिवसा वाचा. बाजूच्या वावरातून कोणी "ए लाईन आली का रे" म्हणून हाक मारली आणि तुम्ही ओ दिली नाही तर त्याचं पण पाणी राहून जाईल.

शेतावर न्यायला मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट' न्या. नांदेडची गोदावरी, रोज तिच्यात पोहायला जाणारा माणूस, आणि त्याला तिथं भेटणारे मासे धरणारे, गुराखी, भिकारी, तृतीयपंथी, ज्यांच्याकडे आपण गाडी थांबवून पाहत पण नाही असे सगळे. २०१९ ला आली आणि हातोहात गेली, माझ्या ओळखीत एवढ्यात सगळ्यात जास्त फिरलेली कादंबरी हीच असेल. जाड नाही. पाण्याजवळ बसून वाचायची चीज आहे, तुमचं पाणी पाइपातलं असलं तरी काय झालं. आणि उन्हानं अगदीच जीव गेला असेल तर अनंत सामंतांची 'एम. टी. आयवा मारू', जुनी आहे पण अख्खी समुद्रावर घडते, एका खटारा जहाजावर. आपल्याकडून समुद्र इतका लांब की ४५ डिग्रीत नुसतं जहाज म्हटलं तरी बरं वाटते. टॉर्च कपाळावर बांधायचा मिळते तो घ्या, हात मोकळे राहतात.

प्रश्न : मुलगा सहावीत, मुलगी नववीत. मोबाईल सुटत नाही. (अनेक आया, आणि एक आजोबा)

उत्तर : पोराला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', आणि जुना असला तरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून पळते. पोरीला 'शाळा', वर सांगितलीच. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा चांगले आठ-पंधरा दिवस जास्तीचे मिळतात, तेव्हा घाई नाही. "वाच, वाच" म्हणून मागं लागू नका, पुस्तक कूलरसमोर ठेवून द्या आणि चार्जर लपवा. आजोबा, तुम्ही पण लपवा आपला.

प्रश्न : वरच्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ पाठवता का? (बरेच जण)

उत्तर : नाही. मराठीत कादंबरीची आवृत्ती बहुतेक हजारेक प्रतींची निघते, ती संपायला वर्षं लागतात, त्यातून लेखकाला जे मिळते त्यात तुमच्या मोटरचं बिल पण निघणार नाही, आणि आपण ग्रुपवर फुकट फिरवायची? ज्या शिंप्याची गोष्ट वाचून आपण हळहळतो त्याचीच शिलाई बुडवायची असं झालं हे. पैसे नाहीत हे मला समजते, तर त्यासाठीच वाचनालय आहे. तुमच्या गावात 'ड' वर्गाचं असेल तर तालुक्याला बहुतेक त्याच्यापेक्षा मोठं, 'ब' नाही तर 'अ' वर्गाचं असते, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी, त्यात घरातले चार जण वाचतात. पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा, ती वही असते, फक्त मागावी लागते. दरवर्षी खरेदी होते तेव्हा त्या वहीत काहीच नसलं की मग जे विक्रेता आणून टाकेल ते कपाटात जाते. डोळ्यांचा त्रास असलेल्यांनी ऐकायची पुस्तकं पाहावी, स्टोरीटेल ॲपवर मराठी कादंबऱ्या भरपूर आहेत, त्याचे पैसे पडतात पण आजीला रोज दोन तास ऐकवलं तर महाग नाही. डाउनलोड करून ठेवा, लाईन गेली तरी चालते.

प्रश्न : रिटायर झालो. गावच्या वाचनालयात विदर्भातल्या कादंबऱ्यांचा एक वेगळा कप्पा करायचा आहे, फंड थोडाच आहे. उन्हाळ्यात बाहेरगावची पोरं घरी येतात, त्यांनी वाचावं हा उद्देश. कुठून सुरुवात करू? (अचलपूर तालुका)

उत्तर : सर, तुमच्याकडून सुरुवात म्हणजे मेळघाटापासून. मधुकर वाकोडेंची 'झेलझपाट', कोरकू लोकांच्या जगण्यावरची, तुमच्या घराच्या मागचाच डोंगर आहे तो. मग अमरावतीकडची उद्धव शेळकेंची 'धग', १९६० ची, नवीन नाही पण तिच्याशिवाय हा कप्पाच उभा राहत नाही, कौतिक नावाची बाई एकदा वाचली की कायमची सोबत येते. सुट्टीत मजेनं वाचायची मात्र नाही ती, हे पोरांना आधीच सांगून द्या, नाही तर पहिल्याच पुस्तकावर पळून जातील. वाशिमकडचे दोन जण घ्या, नामदेव कांबळेंची 'राघववेळ', १९९५ चा अकादमी पुरस्कार आहे तिला, आणि बाबाराव मुसळेंची 'हाल्या हाल्या दुधू दे'. बुलडाण्याच्या वर आल्याच. वर बुलडाण्याच्या भाऊंना मी 'बारोमास' नको म्हटलं, पण तुमच्या कप्प्यात ती पाहिजेच, ती नेमकी बाहेरगावच्या पोरांसाठी आहे. तिच्या शेजारी मुद्दाम 'निशाणी डावा अंगठा' ठेवा. एक रडवणारी, एक हसवणारी, दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या. पोरं आधी हसवणारीच उचलतील.

प्रत्येकीची एकच प्रत घ्या, 'निशाणी'च्या दोन घ्या. आणि फंडापेक्षा मोठा प्रश्न चावीचा आहे सर. लग्नसराईत वाचनालय उघडणारा माणूस स्वतःच वऱ्हाडात गेलेला असतो, कपाटाला कुलूप, आणि पोरं सुट्टी संपवून परत. चावी तुम्ही स्वतःजवळ ठेवा.

प्रश्न : कादंबरी आवडली नाही तर अर्धवट सोडली तर चालते का? मला फार अपराधी वाटते. (वणी)

उत्तर : चालते. फक्त तारखेच्या आत परत करा, तुमच्या मागं 'नदीष्ट'साठी सात जणांचा नंबर आहे.